बेवारशी सोबती

कुत्र्यास बरोबर घेऊन बर्फातून चाललेल्या माणसाची गोष्ट आपल्या वाङ्मयात फार प्राचीन काळी सांगितली गेली आहे. महाप्रस्थानिक पर्वात पांडव व द्रौपदी राज्य सोडून निघतात, तेव्हा एक कुत्रा त्यांच्या मागे लागतो. हिमालय ओलांडून जाताना प्रथम द्रौपदी पडते; मग सहदेव, नकुल, अर्जुन व भीम क्रमाने पडतात; शेवटी धर्मराज आणि तो कुत्रा एवढेच उरतात. इंद्र रथ घेऊन येतो व कुत्र्यास टाकून स्वर्गास चल म्हणतो. धर्मराज त्यास नकार देतो. ही कथा सर्वांस ठाऊक आहे. परंतु तिच्यातील एका गोष्टीकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. ती ही की, तो कुत्रा धर्मराजाचा नव्हता. त्याने तो पाळलेला नव्हता, त्यास नाव ठेविले नव्हते, त्याच्या गळ्यात पट्टा बांधला नव्हता. तो आपण होऊन मागे आला होता. त्याच ग्रंथाच्या आरंभी, पौष्यपर्वात, जनमेजयाच्या यज्ञस्थळी आलेल्या एका कुत्र्यास राजाचे भाऊ विनाकारण मारतात, आणि त्याची आई सरमा येऊन त्यांस जाब विचारते. त्या कुत्र्यासही कोणी धनी नव्हता. ज्याचे आपण धनी नाही त्याचे आपण काही लागतो की नाही, हा प्रश्न अशा रीतीने त्या प्रचंड ग्रंथाच्या दोन्ही टोकांस उभा आहे.

पालघर जिल्ह्याच्या किनाऱ्यावर बर्फ पडत नाही. पौषात पहाटे खाडीवरून धुके चढते, नारळीच्या झावळ्यांवरून दंव टपटपते, आणि नऊ वाजेपर्यंत समोरचे घर दिसत नाही. आमच्याकडची थंडी म्हणजे एवढीच. अशा एका रविवारी आम्ही तारापुरास एका स्नेह्यांच्या घरी मुक्कामास होतो. काम काही नव्हते. बोईसरहून येणारी कारखान्यांची वर्दळ सुट्टीमुळे थंडावली होती. दागिन्यांचे साचे कोरण्याचा जो घरगुती धंदा चिंचणी-तारापूरच्या पडव्यांतून चालतो, त्याची ठकठकही त्या दिवशी ऐकू येत नव्हती. चहा घेऊन आम्ही गाव पाहण्यास बाहेर पडलो, तो ओट्याखाली निजलेला एक कुत्रा अंग झाडून उठला व आमच्या पुढे चालू लागला. काळा रंग, पाय पिंगट, आणि दोन्ही डोळ्यांच्या वर एकेक पिंगट ठिपका. शेजारच्या अंगणात एक वृद्ध बाई शेगडी पेटवीत होत्या. आम्ही त्यांस विचारले, "आजी, हा कुत्रा कोणाचा?" त्या म्हणाल्या, "कोणाचा म्हणजे? इथलाच."

आम्ही धन्याविषयी विचारले होते आणि उत्तर आले ते जागेविषयी. हे उत्तर दिवसभर आमच्या मनात घोळत राहिले. प्रस्तुत लेख म्हणजे त्या उत्तराचाच मागोवा होय.

कुत्र्याने आम्हांस प्रथम किल्ल्याकडे नेले. तारापूरचा किल्ला पोर्तुगीज अमदानीतला. खाडीच्या मुखाशी, वसई ते दमण ह्या त्यांच्या ठाण्यांच्या मालिकेतील तो एक दुवा होता. धुक्यात त्याचा तट एकदम अंगावर आला. १७३९ च्या जानेवारीत चिमाजी आप्पांच्या फौजेने माहीम घेऊन ह्या किल्ल्यास मोर्चे लाविले, सुरुंग उडवून तटास खिंडारे पाडली, आणि हातघाईच्या लढाईत किल्ला घेतला. बाजी भिवराव रेठरेकर येथेच गोळी लागून पडले. ह्यानंतर चार महिन्यांनी, मे महिन्यात, वसई पडली व उत्तर कोकणातील पोर्तुगीज सत्ता संपली. आज तटाच्या दगडांतून वडा-पिंपळाची मुळे उतरली आहेत. आमचा सोबती एका ढासळलेल्या कोपऱ्यापाशी थांबला, त्याने सवयीप्रमाणे तेथे आपली खूण केली, आणि तो पुढे निघाला. बाजी भिवरावांची आठवण मनात असताना आम्हांस तो प्रकार क्षणभर रुचला नाही. पण विचार करता त्यास दोष देण्याचे कारण दिसले नाही. किल्ल्यावर आजपर्यंत ज्यांनी ज्यांनी हक्क सांगितला, त्यांनी आपापल्या परीने खुणाच केल्या होत्या.

ज्या छत्रपतींच्या नावाने हा किल्ला घेतला गेला, त्या शाहू महाराजांस कुत्र्यांचा मोठा शौक होता. ग्रँट डफने त्यांच्या एका आवडत्या कुत्र्याची हकीकत दिली आहे. शिकारीत वाघापासून ह्या कुत्र्याने महाराजांचा जीव वाचविला, म्हणून त्यास जहागीर तोडून दिली व पालखीचा मान दिला. सरदार भेटीस यावयाचे असता त्याच्या अंगावर जरीची झूल व दागिने घालून, आपले पागोटे त्याच्या डोक्यावर ठेवून महाराज दरबारात बसले, असेही डफ सांगतो. साताऱ्याजवळ संगम माहुलीस ह्या कुत्र्याची समाधी दाखवितात. रायगडावरील वाघ्याच्या पुतळ्याचा वाद आम्ही येथे मुद्दामच बाजूस ठेवितो. तो पुतळा १९३६ सालचा असून त्या कथेस समकालीन कागदाचा आधार दाखविता आलेला नाही. शाहू महाराजांच्या कुत्र्याची गोष्ट मात्र खाशी लक्षात ठेवण्याजोगी आहे, कारण तीत कुत्र्यास मनुष्याच्या सर्व उपाधी मिळाल्या आहेत: धनी, वतन, वाहन, समाधी. ज्याने पराक्रम केला व ज्यास राजाने आपला म्हटले, त्या कुत्र्यास इतिहासात जागा मिळाली. ओट्याखालच्या कुत्र्यास ती मिळण्याचा संभव नाही. तो इतिहासात शिरतो तो एकाच वाटेने, म्हणजे त्यास मारण्याचा हुकूम सुटतो तेव्हा.

अशा एका हुकुमाची आठवण आम्हांस गावातील पारशी अग्यारीसमोर झाली. संजाणच्या बंदरात उतरलेल्या पारशी लोकांच्या वसाहती ह्या किनाऱ्याने हळूहळू दक्षिणेकडे पसरल्या, त्यांत तारापूर हे एक नामांकित ठाणे. येथील विकाजी मेहरजी व पेस्तनजी मेहरजी ह्या बंधूंनी सावकारीत मोठे नाव मिळविले. निजामाच्या राज्यात त्यांची पेढी होती आणि औरंगाबादेच्या टांकसाळीतून निघालेला 'पेस्तनशाही' रुपया पेस्तनजींच्याच नावाने ओळखला जाई. तारापूरचा किल्लाही पुढे विकाजींच्या घराण्याकडे इनाम आला. गावातील अग्यारी त्यांनीच सुमारे १८२० साली बांधविली. परधर्मीयास आत प्रवेश नसतो. आम्ही बाहेरूनच नमस्कार केला. आमचा सोबती दाराशेजारी सावकाश बसला. त्यास तेथून कोणी हाकलले नाही.

पारशी धर्मात कुत्र्याचे स्थान फार वरचे आहे. वेंदिदादातील एक संपूर्ण प्रकरण कुत्र्याविषयी आहे. त्यास वाईट अन्न घालणाऱ्यास तेथे शिक्षा सांगितली आहे, आणि घरच्या कुत्र्याबरोबर भटक्या कुत्र्याचाही त्यात विचार केला आहे. मनुष्य मरण पावल्यावर त्याच्या देहावर कुत्र्याची दृष्टी पडावी लागते. ह्या विधीस 'सगदीद' म्हणतात, आणि त्यासाठी 'चार डोळ्यांचा' कुत्रा उत्तम समजतात. चार डोळ्यांचा म्हणजे ज्याच्या डोळ्यांवर दोन ठिपके आहेत असा. हे वाचलेले असूनही अग्यारीच्या दारात येईपर्यंत आमच्या ध्यानात आले नव्हते की, आम्ही सकाळपासून तसल्याच कुत्र्यामागून हिंडत आहोत. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलात यमाचे जे दोन श्वान वर्णिले आहेत, तेही चतुरक्षच. ते सरमेच्या कुळातले, मार्गाचे रक्षण करणारे. दोन धर्मांचे लोक परस्परांपासून विलग होण्यापूर्वीची ही आठवण एकाकडे ऋचेत राहिली व दुसऱ्याकडे आचारात.

आता १८३२ सालाकडे वळू. मुंबईत बेवारशी कुत्र्यांचा सुळसुळाट झाला की वर्षातील ठराविक मुदतीत ती मारण्याची मुभा पोलिसांस पूर्वीपासून होती. त्या वर्षी ही मुदत वाढवून जूनच्या मध्यापर्यंत नेण्यात आली. मारलेल्या दर कुत्र्यामागे आठ आणे बक्षीस असे. ज्या काळी आठ आणे ही शिपायास लहानसहान रक्कम नव्हती, त्या काळी ह्या बक्षिसाचा परिणाम काय झाला असेल हे सांगावयास नको. बेवारशी कुत्री पकडण्याचे श्रम कोण घेतो? शिपाई दारातली, अंगणातली, धन्याची म्हणता येतील अशीही कुत्री ओढून नेऊन मारू लागले. ६ जून रोजी, पारशी लोकांच्या एका पवित्र दिवशी, कोटाजवळ जमलेल्या पारशी जमावाने कुत्री मारणाऱ्या शिपायांवर हल्ला केला. दुसऱ्या दिवशी बाजार बंद पडला. ह्या बंदात पारशांबरोबर हिंदू, जैन व मुसलमान व्यापारीही सामील झाले. गोऱ्या फौजेकडे जाणारे खाद्यपदार्थ वाटेत अडविले गेले, आणि प्रतिष्ठित गोऱ्यांच्या गाड्यांवर दगड व घाण पडली. शेवटी लष्कर बोलावून, जमावबंदीचा हुकूम वाचून धरपकड झाली. मुंबईच्या इंग्रजी अमदानीतील पहिल्या मोठ्या दंगलींपैकी ही एक, आणि ती कोणत्याही राजावरून अथवा करावरून झाली नाही. ती गल्लीतील कुत्र्यांवरून झाली. पुढे जमशेटजी जिजीभाई प्रभृती शेठियांनी मध्ये पडून प्रकरण शांत केले, आणि कुत्री ठार न मारता बेटाबाहेर नेऊन सोडावी अशा तडजोडीची भाषा निघाली. १८३४ साली जमशेटजी व अमीचंद शहा ह्यांच्या पुढाकाराने मुंबईचा पांजरापोळ उभा राहिला, त्याच्या मुळाशीही हेच प्रकरण होते.

ह्या दंगलीचे कारण बहुतेक लेखक पारशांचा धर्म असे देतात, आणि ते खोटे नव्हे. परंतु केवळ धर्मावर बोट ठेवून भागत नाही. धर्मच कारण असता तर हिंदू-मुसलमान वाण्या-उदम्यांनी दुकानांस कुलपे कशास लाविली असती? आम्हांस असे वाटते की, तेथे खरा झगडा 'बेवारशी' ह्या शब्दाचा होता. सरकारच्या हिशेबी कुत्र्याचे दोनच वर्ग होते: ज्यास धनी आहे तो, आणि ज्यास नाही तो. पहिला म्हणजे मालमत्ता आणि दुसरा म्हणजे उपद्रव. मुंबईच्या लोकांच्या मनात ह्यांखेरीज एक तिसरा वर्ग होता, तो म्हणजे गल्लीचा कुत्रा. तो कोणा एकाचा नसल्यामुळेच सर्वांचा असे. त्यास चार घरांतून भाकरीचा तुकडा पडे, तो चार घरांच्या दारांशी भुंके, आणि त्यास कोणी मारले तर चार घरे बाहेर येत. सरकारी नियमात ह्या नात्यासाठी रकानाच नव्हता. शिपायाने ओढून नेलेला कुत्रा 'आमचा' असे सांगणारा मनुष्य खोटे बोलत नव्हता. आणि तो 'बेवारशी' असे लिहून घेणारा कारकूनही आपल्या कायद्याप्रमाणे चुकत नव्हता.

अग्यारीवरून आम्ही खाडीच्या पुलाकडे गेलो. खाडीपलीकडे चिंचणी. पुलाच्या तोंडाशी कुत्रा थबकला. पलीकडून दोन-तीन कुत्र्यांचे भुंकणे आले. त्याने कान ताठ केले, पण पाऊल पुढे टाकिले नाही. तारापूरची शिव त्याच्या हिशेबी तेथे संपत होती. आम्ही एकटेच पूल ओलांडला.

चिंचणीस गेल्या शतकाच्या मध्यास काही ताम्रपट सापडले व दिनेशचंद्र सरकार ह्यांनी ते प्रसिद्ध केले. त्यांतील शके ८४८, म्हणजे इ. स. ९२६ चा पट राष्ट्रकूट इंद्र तिसरा ह्याच्या काळचा आहे. संजाणच्या मंडलावर त्या वेळी 'मधुमति' नावाचा एक ताजिक, म्हणजे अरब, अधिकारी होता. मधुमति हे मुहम्मद ह्या नावाचेच संस्कृत रूप. ह्या मुसलमान अधिकाऱ्याने नदीवर फुकट तरी ठेविल्या होत्या, आणि भात, कालवण व तूप मोफत मिळेल असे सत्र संजाणास घातले होते. भगवतीच्या मठिकेस जमीन देण्यासही त्याची संमती होती. अन्नदान करताना कोण कोणाचा हे विचारावयाचे नसते, एवढे ह्या किनाऱ्यास हजार वर्षांपूर्वी ठाऊक होते. चिंचणीच्या पटांपैकी आणखी एक राष्ट्रकूट कृष्ण तिसरा ह्याच्या वेळचा आहे. त्याच कृष्णराजाच्या काळात कर्नाटकात आतकूर येथे एक शिळा उभारली गेली. इ. स. ९४९ च्या सुमारास तक्कोलमच्या लढाईत मणलेर नावाच्या वीराने मोठा पराक्रम केला; गंग राजा बूतुग ह्याने त्यास हवे ते माग म्हटले, आणि त्याने राजाजवळचा 'काळी' नावाचा शिकारी कुत्रा मागितला. पुढे हा कुत्रा एका रानडुकराशी झुंजून मेला. मणलेराने शिळेवर ती झुंज कोरविली, तिच्या पूजेस जमीन लावून दिली, आणि शिळेची पूजा केल्यावाचून पुजाऱ्याने जेवू नये अशी तजवीज केली. ह्या कुत्र्यास नाव होते, म्हणून आम्हांस तो हजार वर्षांनंतरही भेटतो. संजाणच्या सत्राबाहेर पत्रावळींवर जमणारी कुत्री कोणत्याही पटात नाहीत. तथापि सत्र होते म्हणजे तीही होतीच.

येथवरच्या विवेचनावरून आपली परंपरा भूतदयेने ओथंबलेली होती असा कोणी समज करून घेईल तर तो अपुरा ठरेल. वैश्वदेवाच्या वेळी कुत्र्यास बळी घालावा असे मनुस्मृती सांगते. परंतु त्याच श्लोकात कुत्रे, पतित, चांडाळ, महारोगी, कावळे व कृमी एका पंक्तीस बसविले आहेत, आणि सर्वांचे अन्न भुईवर टाकावे असे म्हटले आहे. ज्या समाजाने पाणवठ्यावर जनावरास अडविले नाही, त्याने माणसास अडविले. आणि २० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकरांस हजारो अनुयायांसह महाडच्या चवदार तळ्यावर जाऊन पाणी प्यावे लागले. कुत्र्यास तुकडा टाकणे सोपे आहे, कारण कुत्रा बरोबरी मागत नाही. आमच्या भूतदयेचा अभिमान बाळगताना हे विसरणे योग्य होणार नाही.

दुसरीही बाजू आहे. पिसाळलेल्या कुत्र्याचे भय खोटे नव्हे. लक्षणे दिसू लागल्यावर ह्या रोगातून मनुष्य बहुधा वाचत नाही. पाश्चरने १८८५ साली लस दिली, तेव्हापर्यंत दंश झालेल्या मुलाच्या आईबापांस वाट पाहण्यावाचून उपाय नव्हता. १८३२ च्या अधिकाऱ्यांजवळ लस नव्हती; त्यांच्या धास्तीस आपण हसू नये. पण आज आपणांजवळ ती आहे. कुत्र्यांपैकी शंभरात सत्तर जणांस लस टोचली तर रोगाची साखळी तुटते, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. आपल्याकडे २००१ च्या व नंतर २०२३ च्या नियमांनी हाच मार्ग घालून दिला: कुत्रे पकडावे, त्यांचे निर्बीजीकरण करावे, लस टोचावी, आणि जेथून आणिले तेथेच सोडावे. 'तेथेच' ह्या एका शब्दाने कायद्याने प्रथमच त्या तिसऱ्या वर्गास मान्यता दिली. धनी नसला तरी जागा आहे, असे तो शब्द म्हणतो.

मात्र हे काम पैसा, डॉक्टर व चिकाटी मागते, आणि आपल्या बहुतेक नगरपालिकांत ह्या तिन्हींचा तुटवडा. म्हणून जुना वाद पुनः उभा राहिला. ११ ऑगस्ट २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने दिल्ली परिसरातील रस्त्यांवरील कुत्री उचलून कोंडवाड्यात ठेवावी व परत सोडू नये असा हुकूम दिला. २२ ऑगस्टला तो बदलून, पिसाळलेली व हिंस्र कुत्री वगळता बाकीची लस टोचून त्याच जागी सोडावी असे ठरविले. ७ नोव्हेंबरच्या हुकुमाने शाळा, इस्पितळे, रेल्वेस्थानके अशा ठिकाणची कुत्री हलवावी व तेथे परत आणू नये असे सांगितले. ज्यांच्या मुलांस चावे बसले त्यांचा संताप आणि ज्यांनी वर्षानुवर्षे गल्लीत घास घातला त्यांचे दुःख ही दोन्ही आम्ही खरी मानतो. आमचे म्हणणे एवढेच की, दोन पक्ष ज्यावरून भांडत आहेत तो शब्द अजून १८३२ चाच आहे.

चिंचणीच्या सुरूच्या बनातून आम्ही समुद्रावर पोहोचलो तेव्हा धुके विरळ झाले होते, आणि दक्षिणेस अणुकेंद्राच्या इमारती पुसट दिसू लागल्या. १९६९ साली तेथे देशातील पहिले अणुवीजकेंद्र सुरू झाले. पुढे तिसऱ्या व चौथ्या अणुभट्टीसाठी अक्करपट्टी व पोफरण ही गावे उठविण्यात आली. गाव उठते तेव्हा घरांची, जमिनीची, झाडांची मोजणी होते व मोबदला ठरतो. तो पुरेसा होता की नाही ह्याचा तंटा वर्षानुवर्षे चालतो. कुत्र्यासाठी रकाना असतो असे आमच्या ऐकिवात नाही, आणि माणसांचेच हिशेब जेथे पुरे होत नाहीत तेथे तशी मागणी करणेही आम्हांस शोभणार नाही. तरी एक गोष्ट मनात आल्यावाचून राहिली नाही. ज्यास 'इथलाच' एवढीच ओळख आहे, त्याचे 'इथे' नाहीसे झाल्यावर तो कोणाचा राहतो? हा प्रश्न केवळ कुत्र्याचा नाही. ज्याच्या नावावर सातबारा नाही, पण ज्याच्या पिढ्या एका खाडीत मासे धरण्यात गेल्या, त्या मांगेल्याचा व कोळ्याचाही तो आहे. वाढवण येथे मोठे बंदर बांधण्याचा पाया ३० ऑगस्ट २०२४ रोजी घातला गेला. तेथील किनाऱ्यावर हा प्रश्न आज माणसेच विचारीत आहेत. मालकी व बेवारस ह्या दोनच वर्गांत जगाची वाटणी करणारा कागद प्रथम कुत्र्यास ओळखीनासा होतो. तो तेवढ्यावर थांबेल असे समजू नये.

उन्हे कलली तेव्हा आम्ही परतलो. पुलावर कुत्रा नव्हता. आमच्यासाठी तो दिवसभर तेथे बसून राहिला असेल अशी आशा आम्ही मनातल्या मनात केली होती, हे कबूल केले पाहिजे. गल्लीत शिरलो, तो तो सकाळच्याच ओट्याखाली निजला होता. आजींनी शिळ्या भाकरीचा तुकडा दुधात कुस्करून त्याच्यापुढे ठेविला. "फिरलात का पुष्कळ?" त्यांनी विचारले. आम्ही म्हटले, "होय. हाच घेऊन गेला होता." त्यावर त्या म्हणाल्या, "नेतो तो. पाहुणा आला की जातो त्याच्याबरोबर. पुलापर्यंत."